भारतीताईंचं बरं होणं

भारतीताई मढवींकडे मी गाडी शिकायला गेले तेव्हा माझं वय अठ्ठेचाळीस होतं आणि गाडी शिकायची इच्छा अजिबात नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना स्टिअरिंगपासून लांब राहायला सांगितलं होतं. गाडी बिल्डिंगखाली उभी होती आणि तिच्यावर धूळ साठत होती. एके दिवशी त्या धुळीवर कोणीतरी बोटानं ‘विकणे आहे का’ असं लिहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीतल्या ताईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, वाहतुकीच्या चिन्हांचा एक तक्ता आणि बाहेर उभी असलेली पांढरी गाडी. ताई पाच फूट उंच, अंगानं भक्कम. सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला घट्ट बांधलेला सुती स्कार्फ आणि डाव्या हाताला मनगटापासून खांद्यापर्यंत कातडीच्या रंगाची तंग बाही. हे सगळं धुळीसाठी असेल असं समजून मी सोडून दिलं. आमच्याकडे धुळीसाठी माणसं याहून जास्त गुंडाळून फिरतात.

ताईंचा आवाज कधी चढत नसे. ‘इंडिकेटर द्या’ आणि ‘समोर म्हैस आहे’ ही दोन्ही वाक्यं त्या एकाच सुरात म्हणत. पहिल्याच दिवशी मी एका उभ्या रिक्षाच्या दिशेनं निघाले. ताई म्हणाल्या, “समोर रिक्षा आहे. रिक्षात माणूस आहे. माणूस चहा पितोय. त्याला पिऊ द्या.” आणि आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवणाऱ्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो हे मला तेव्हा कळलं. मी ‘सॉरी, सॉरी’ करायला लागले तर म्हणाल्या, “सॉरी नको, न्यूट्रल पाहिजे.”

मागून कोणी हॉर्न वाजवला की मी घाबरायचे. त्यावर त्यांचं ठरलेलं होतं, “घाई कोणाला आहे? मागच्याला. मग त्याची घाई त्याच्याकडे राहू दे.”

ताईंचं घराणं इथलंच, जुनं. वडिलांची भातशेती होती तिथे आता चार विंगांची सोसायटी आहे आणि सोसायटीच्या गेटवर वडिलांचं नाव आहे. त्यांना काम करायची तशी गरज नव्हती. पण एकोणिसाव्या वर्षी भावाचा टेम्पो त्यांनी कोणाला न विचारता गावाभोवती फिरवून आणला होता, आणि त्यानंतर स्वस्थ बसणं त्यांना जमलं नाही. वीस वर्षांत निम्म्या डोंबिवलीतल्या बायका त्यांच्याकडे शिकल्या होत्या. आमच्याशी त्या शाळेतल्यासारखं बोलत, ‘मॅडम’ म्हणत. घरच्यांचा फोन आला की मात्र ‘मला’चं ‘मना’ व्हायचं आणि ‘गाडी’ची ‘गारी’.

एक गोष्ट मला लागायची. गाडी चालू झाली की ताईंचा डावा हात खिडकीच्या वरच्या हँडलला जायचा आणि क्लास संपेपर्यंत तिथेच राहायचा. माझ्या ड्रायव्हिंगमुळे धरलाय, असं मी धरून चालले होते. आठव्या दिवशी धीर करून म्हटलं, “ताई, मी एवढी वाईट चालवते का?”

“वाईट चालवता. पण हात त्याच्यासाठी नाय. खाली ठेवला की सुजतो.” मग त्याच सुरात म्हणाल्या, “ऑपरेशन झालंय डाव्या बाजूचं. कॅन्सर होता. पुढे खड्डा आहे, सेकंड घ्या.”

मी सेकंड घेतला. खड्डा गेला. मग विचारलं, “आता?”

“आता संपलं सगळं. केमो झाला, रेडिएशन झालं. दसऱ्याच्या आधी संपलं.”

“अरे वा! सुटलात!” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“सगळे हेच म्हणतात,” त्या म्हणाल्या. “सुटले खरं. पण सुटून जायचं कुठे, ते कोणी सांगत नाय. क्लच सोडा हळूहळू.”

लोक वीस-पंचवीस दिवसांत गाडी शिकतात. मला त्यापेक्षा बरेच जास्त लागले, त्यामुळे ताईंचं बरं होणं मला जवळून बघायला मिळालं. बरं होणं आजारापेक्षा सोपं असतं अशी माझी समजूत होती. ती त्यांनी काही न समजावता मोडून काढली.

आधी मला कळली ती बॅनरची गोष्ट. स्कूलपासून पुढे गेलं की एक नाका येतो. तिथून उजवीकडे चांगला मोकळा रस्ता आहे, शिकणाऱ्याला अगदी योग्य. पण आम्ही कायम डावीकडे वळायचो, भाजी मार्केटच्या गर्दीत. महिनाभर मी मेथीच्या जुड्या आणि म्हातारी माणसं चुकवत गाडी शिकले. एकदा विचारलं, “उजवीकडे का नाही जात?”

“उजवीकडे मी आहे,” ताई म्हणाल्या.

झालं असं होतं की रेडिएशन संपल्यावर त्यांच्या भावांनी मोठं जेवण घातलं. मांडव, डीजे, मटणाच्या टोपांची रांग, आमच्याकडे हळदीला करतात तसं सगळं. आणि नाक्यावर वीस फुटांचा बॅनर लावला. वर ताईंचा जुना, लांब केसांचा फोटो, बाजूला ‘कर्करोगावर मात करणाऱ्या आमच्या वाघिणीचे हार्दिक अभिनंदन’, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चौदा जणांचे हात जोडलेले फोटो. त्यातल्या सहा जणांना ताई ओळखतही नव्हत्या.

“कोणी मेलं की पण असाच लावतात,” ताई म्हणाल्या. “वर एक, खाली चौदा. मेलेल्याला फक्त हार जास्त असतो. मी खाली उभी राहून बघितलं, तर माझी वहिनी बोलली, बघ, किती छान दिसतेस. मी म्हटलं, ही बाई मला माहीत आहे. गेली ती.”

“मग काढायला सांगा ना.”

“भावांनी प्रेमानं लावलाय. आणि वाघिणीनं कसली तक्रार करायची? डावीकडे घ्या.”

दुसरी गोष्ट दुखण्यांची. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की काही दुखलं तर लगेच घाबरायचं नाही. एखादं नवं दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर मात्र दाखवायला यायचं. ताईंनी हे नियमासारखं उचललं. मुलींची हजेरी घ्यायची त्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या दुखणं लिहायच्या, पुढे तारीख. गुडघा. डावी बरगडी. मानेमागे. डोकं, उजवी बाजू.

“गुडघ्याला दोन आठवड्यांचं लर्निंग लायसन्स दिलंय,” असं त्या सांगायच्या. आणि दोन आठवड्यांनी, “गुडघा गेला. बरगडी अजून आहे. अकरावा दिवस.”

अकराव्या, बाराव्या, तेराव्या दिवशी ताई गाडीत कमी बोलायच्या. तेराव्या दिवशी मी एकदा सिग्नल तोडला तरी त्यांनी काही म्हटलं नाही. मला सिग्नल तोडल्याचं इतकं वाईट वाटलं नसतं, पण त्या काही बोलल्या नाहीत ह्याचं वाटलं. पंधराव्या दिवशी बरगडी थांबली. ताईंनी वहीत तिच्यावर काट मारली आणि त्याच संध्याकाळी खाली नवीन ओळ लिहिली, ‘टाच’.

जानेवारीत एके दिवशी त्या म्हणाल्या, “उद्या हायवे घेऊ. साडेआठला या. यायला दुपार होईल.” मी ठाण्याच्या नौपाड्यात एका दंतवैद्यांकडे अपॉइंटमेंटा घ्यायचं काम करते. त्यांच्याकडून सुट्टी घेतली, आणि हायवे म्हणून पोळीभाजीचा डबाही घेतला.

सकाळी ताई स्वतः स्टिअरिंगवर बसल्या होत्या. म्हणाल्या, पुलापलीकडे गेलो की तुम्ही घ्या. मी डावीकडे, त्यांच्या जागेवर बसले. पायाशी तो शिकवणाऱ्यांचा ब्रेक होता. चुकून लागू नये म्हणून मी पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसले. मागच्या सीटवर एक जाड फाइल होती. तेव्हा मला कळलं की आपण हायवेचा क्लास करायला नाही, ठाण्याच्या हॉस्पिटलात चाललोय. उपचार संपल्यानंतरचं पहिलं स्कॅन होतं.

माणकोलीच्या पुलावर, बरोबर मधोमध, ताईंनी गाडी डाव्या कडेला घेतली. चारी इंडिकेटर लावले. हँडब्रेक ओढला. सगळं शिकवतात तसं, क्रमानं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. खाली खाडी होती आणि बाजूनं ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी थोडी हलायची.

“ताई? दुखतंय का कुठे?”

“नाय.”

“चक्कर?”

“नाय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “मना नाय जमत. गारी तू घे.”

माझ्याकडे लर्निंग लायसन्स होतं आणि तोवर मी चौथा गिअर दोनदा टाकला होता. पण ताई मला ‘तू’ म्हणाल्या होत्या. मी उतरले, जागा बदलली, आणि पूल उतरून नाशिक हायवेला लागले. आरशात घराएवढे कंटेनर दिसत होते. ताई शेजारी गप्प होत्या. मी दुसऱ्या गिअरवर, गोठलेल्यासारखी, जात राहिले. बऱ्याच वेळानं शेजारून आवाज आला, “तिसरा टाका. इंजिन ओरडतंय.” इतका बरा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावायला मला सहा प्रयत्न लागले. इंजिन बंद केलं. ताई उतरल्या नाहीत.

“केमोच्या वेळी दर एकवीस दिवसांनी यायचे,” त्या समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. “रक्त द्यायचं, वजन करायचं, खुर्चीत बसायचं. सिस्टर विचारायची, भारतीबाय, आज काय खाल्लंत? घरी रोज दहा माणसं. मग रेडिएशन, ते तर रोजच. शेवटच्या दिवशी मशीनवाल्यानं टाळ्या वाजवल्या. हातात फाइल दिली, म्हणाला, तीन महिन्यांनी या. मी खाली इथेच आले, ह्याच खांबाजवळ उभी राहिले. म्हटलं, आता तीन महिने मला बघणार कोण?”

मी किल्ली काढून मांडीवर ठेवली.

“कॅन्सर आहे सांगितलं तेव्हा मी रडले नाय. डॉक्टरला विचारलं, किती वाजता यायचं. केस गेले तेव्हा नाय रडले. आता सगळं चांगलं आहे तर...”

आणि त्या रडल्या. रडणंही त्यांचं तसंच, आवाज न चढवता. मी पर्समध्ये रुमाल शोधला, तो मिळेना म्हणून डब्यावरचा नॅपकिन दिला. त्यांनी तो घेतला. त्याला भाजीचा वास होता.

तेवढ्यात पार्किंगवाल्यानं काचेवर टकटक केली. “मॅडम, दोन गाड्यांची जागा घेतलीय तुम्ही.”

ताईंनी तोंड पुसलं. बाहेर बघितलं. खरंच दोन गाड्यांची जागा होती. “परत काढा,” त्या मला म्हणाल्या, “आणि सरळ लावा.” मी परत काढली आणि सरळ लावली. मगच त्या स्कॅनला वर गेल्या.

तीन दिवसांनी मी फोन केला. “ताई, रिपोर्ट?”

“काय नाय निघालं.”

“अहो, किती छान!”

“हो. लोक पेढे मागतायत. मी हिशेब केला, पुढचं एप्रिलमध्ये. म्हणजे परत तीन महिने.”

दुसऱ्या दिवसापासून स्कूलला कुलूप होतं. दारावर पुठ्ठा लटकावलेला, ‘क्लास बंद आहे. – भा. मढवी’. खाली कुणीतरी पेनानं विचारलं होतं, ‘कधीपर्यंत?’ आणि त्याच्याखाली ताईंच्याच अक्षरात उत्तर होतं, ‘माहीत नाही.’

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. गावाच्या मधोमध तीन मजली घर, पुढे अंगण, बाजूला सिमेंटची पाण्याची टाकी, कट्ट्यावर सुकत घातलेले बोंबील. ताई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. डोक्याला स्कार्फ होता. मला बघून त्यांनी अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मीही सोलायला लागले.

“क्लास का बंद केला?”

“ज्याला स्वतःला पूल ओलांडता येत नाय त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?”

“अहो, ओलांडला की आपण.”

“तुम्ही ओलांडला. मी सामान होते.”

पुलावरचं ‘तू’ पुलावरच राहिलं होतं. परत ‘तुम्ही’ झालं होतं.

तेवढ्यात त्यांचे मिस्टर चहा घेऊन आले. नारायणभाऊ एका केमिकल कंपनीतून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, उंच, वाकलेले. ताईंच्या आजारात स्वयंपाक, औषधं, ड्रेनच्या पिशव्या, सगळं त्यांनी केलं होतं आणि एकदाही बसले नव्हते. ते मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही तरी सांगा हिला. हसत नाय, बोलत नाय, कुठं जात नाय. डॉक्टर बोलला सगलं नीट हाय. बरी जाली ना ही?”

“बरी झाले,” ताई शेंगांतून मान वर न काढता म्हणाल्या. “पहिल्यासारखी नाय झाले. ती दोन वेगळी कामं आहेत. डॉक्टरनं एक केलं.”

भाऊ कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. मी चहा संपवून निघाले.

नंतर काय झालं ते मला ताईंनीच सांगितलं, आरसा कसा लावायचा ते सांगतात तशा सुरात.

“तुम्ही गेल्यावर हा माझ्यावर ओरडला. तीस वर्षांत पहिल्यांदा. बोलला, तू रडत नव्हतीस म्हणून मी रडलो नाय. म्हटलं, ही बरी झाली की रडू. आता बरी झालीस तर तू अशी बसलीस. मग मी रडू कधी? मला टाइम सांग.”

“मग?”

“मी म्हटलं, मला काय विचारतोस? तर तो गेला टाकीच्या मागे. मी पाच मिनिटं वाट बघितली. वाल होते हातात, ते ठेवले. मग मी पण गेले. दोघं उभे, टाकीला पाठ लावून, दोघं रडतोय. लहान पोरांसारखं, नाकातोंडातून. किती वेळ, ते मला माहीत नाय. तेवढ्यात पूजा आली, आमची सून. तिनं आम्हाला नीट बघितलं नसेल. लांबूनच विचारते, पप्पा, टाकीची मोटर चालू राहिली का? हा बोलला, हो हो, बंद करतोय.” ताई थांबल्या. “मोटर बंदच होती. ह्यानं चालू केली आणि मग बंद केली.”

मी हसले. ताई हसल्या नाहीत, पण त्यांनी माझ्या हसण्याला हरकतही घेतली नाही.

स्कॅनच्या दिवशी हॉस्पिटलातल्या एका सिस्टरनं त्यांचे डोळे बघून एक कागद दिला होता. उपचार संपलेल्या माणसांचा एक गट नौपाड्यात दर गुरुवारी दुपारी जमतो, त्याचा पत्ता. तो कागद ताईंनी वहीत तसाच ठेवला होता. टाकीनंतरच्या गुरुवारी त्या तिथे गेल्या. ती जागा माझ्या कामापासून दोन गल्ल्या सोडून होती, त्यामुळे गट सुटला की त्या आमच्या दवाखान्यात येऊन बाकावर बसायच्या, मी सुटेपर्यंत. एकदा आमच्या डॉक्टरांनी अदबीनं विचारलं, “कोणता दात?” ताई म्हणाल्या, “दात चांगले आहेत.” आणि बसून राहिल्या.

गटात नाव सांगायचं आणि वाटलं तर पुढे बोलायचं, अशी पद्धत होती. पहिले दोन गुरुवार ताईंनी फक्त ‘भारती मढवी, डावी बाजू’ एवढंच सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी एक निवृत्त शिक्षक बोलले. अत्यंत शुद्ध बोलणारे, ताठ बसणारे गृहस्थ. ते म्हणाले, “मला जो जो भेटतो तो ‘सकारात्मक राहा’ असं सांगतो. काल मी आमच्या शेजाऱ्यांना म्हणालो, की आपण कृपया माझ्या घरातून निघून जा. ते गेले. मला फार बरं वाटलं.”

“मी एवढी हसले,” ताई म्हणाल्या, “की माझा टाका दुखला. मग सगळे हसले. ते सर नाय हसले. ते बोलले, यात हसण्यासारखं काय आहे? तर अजून हसले.”

“मग तुम्ही काही बोललात?”

“बोलले. पुलाचं सांगितलं. तर एक बाई म्हणाली, माझं लिफ्टमधे होतं. एक म्हणाली, फोन वाजला की होतं. मला वाटायचं मी एकटीच बिघडलेय. तिथं बारा जणं बिघडलेली. चांगली माणसं आहेत.”

मार्चमध्ये पुठ्ठा निघाला. पहिल्या दिवशी आम्ही नाक्यावर आलो आणि मी सवयीनं डावा इंडिकेटर दिला. ताई म्हणाल्या, “उजवीकडे घ्या.” मी घेतलं. बॅनर होताच. उन्हानं रंग पार उडाला होता, ताई निळसर झाल्या होत्या. त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. “माझा रंग गेला,” त्या म्हणाल्या. “पण खालच्या चौदा जणांचा पण गेला. चला.”

मी कल्याणच्या आरटीओत पहिल्या टेस्टला नापास झाले, दुसऱ्या टेस्टला पास. ताई बाहेर झाडाखाली उभ्या होत्या. कागद बघून म्हणाल्या, “झालं. आता क्लासला येऊ नका.” मला एकदम पोरकं वाटलं. ते त्यांना दिसलं असावं, कारण चार पावलं जाऊन त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “गुरुवारी मी तुमच्या बाकावर असतेच.”

माझ्या जागी नवा विद्यार्थी आला तो म्हणजे नारायणभाऊ. साठीचा माणूस, आयुष्यात कधी सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. आजारात ताईंना न्यायला कधी पुतण्या, कधी रिक्षा. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, मी शिकतो. ताई म्हणाल्या, तुला येणार नाय. भाऊ म्हणाले, त्या दातवाल्या मॅडमना आलं ना? हे ताईंनी मला जसंच्या तसं सांगितलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

भाऊंना त्यांनी आमच्यापैकी कोणाहीपेक्षा कडक शिकवलं. “कंपनीत दोनशे व्हॉल्व्ह पाठ होते ह्याला,” त्या बाकावर बसून तक्रार करायच्या, “आणि पाच गिअर लक्षात राहत नाय. काल चढावर गाडी मागे गेली. मी म्हटलं, ब्रेक. तर हा माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, माझ्याकडे नको, रस्त्याकडे बघ. बोलला, सवय लागलीय.” हे सांगून झाल्यावर त्या बराच वेळ डॉक्टरांच्या माशांच्या टाकीकडे बघत बसल्या.

एप्रिलचं स्कॅन झालं, जुलैचंही झालं. दोन्ही वेळा आधीचा आठवडा वाईट गेला. वहीतलं शेवटचं पान भरलं म्हणून त्यांनी नवी वही केली. ‘आता भीती जात नाही का?’ असं मी मूर्खासारखं एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “जाते. पण घर बघून ठेवलंय तिनं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही तोंड पाडू नका. जेवण जातंय मला.”

पावसाळा संपता संपता आमच्या दवाखान्याची वेळ बदलली, मला गुरुवारी सकाळची पाळी आली, आणि आमचं बाकावरचं भेटणं सुटलं. फोनवर बोलणं व्हायचं. भाऊ पास झाले, तिसऱ्या टेस्टला, असं त्यांनी कळवलं. माझ्याहून एक जास्त, हे मुद्दाम सांगितलं.

नवरात्रात एके दिवशी संध्याकाळी मी आमची गाडी घेऊन ठाण्याहून घरी निघाले होते आणि तिथल्याच टेंभी नाक्याला अडकले. देवीच्या दर्शनाची रांग रस्त्यावर आलेली, ढोल, कमानी, फुगेवाले, आणि आम्ही सगळे जागच्या जागी. माझ्या डाव्या हाताला एक पांढरी गाडी होती. छतावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी मी लगेच ओळखली.

स्टिअरिंगवर नारायणभाऊ होते. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात घट्ट, कपाळावर घाम, नजर पुढच्या बसवर खिळलेली. शेजारी ताई. स्कार्फ नव्हता. पांढरे, आखूड, कुरळे केस आले होते, ते मी पहिल्यांदाच बघितले. मांडीवर हॉस्पिटलचं मोठं पाकीट. मान खिडकीला टेकलेली, तोंड थोडं उघडं.

मी काच खाली करून हाक मारणार, तेवढ्यात भाऊंनी मला बघितलं. घाईघाईनं एक हात सोडून ओठांवर बोट ठेवलं.

“झोपलीय,” ते फक्त ओठांनी म्हणाले.

मी पाकिटाकडे बोट दाखवलं. काय निघालं?

“सोमवारी,” ते म्हणाले.

पुढची बस हलली. मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट सुरू केला. भाऊंनी पुन्हा दोन्ही हात धरले, गिअर टाकला, आणि गाडी दोन मोठे हिसके देऊन निघाली. ताईंची मान एकदा पुढे गेली, एकदा मागे आली, आणि परत खिडकीला टेकली. डोळे त्यांनी उघडले नाहीत. देवीची कमान ओलांडून गाडी पुढे गेली तेव्हाही त्या झोपलेल्याच होत्या.